एकट्याची चूल

सन 1972 च्या जून महिन्यात मी पुण्यास शिकावयास आलो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. त्या भागात पाऊस एरवीही पाहुण्यासारखाच येतो. त्या वर्षी तो जवळजवळ फिरकलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ गाठला, बैलजोडी बाजारात गेली आणि वडील इतर गावकऱ्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. तरीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची 40 रुपयांची मनिऑर्डर न चुकता येई. त्यातील 12 रुपये खोलीच्या भाड्याचे. उरलेल्या 28 रुपयांत महिना काढावयाचा. खानावळीचा दर ऐकूनच मी जिना उतरलो होतो. तेव्हा स्वतःची चूल मांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चूल कसली, एक वातीचा स्टोव्ह, एक पातेले, एक तवा आणि आईने फडक्यात बांधून दिलेली लहानशी काठवट. एवढ्या सामग्रीवर मी मोठ्या उत्साहाने पहिल्या दिवशी आमटी करावयास घेतली. चिंच आधी घालावी की नंतर, हे कोण सांगणार? मी ती डाळीबरोबरच घातली. दीड तास स्टोव्ह जळत होता, परंतु डाळ म्हणून शिजेना. आंबट पाण्यात डाळ दडसच राहते, हे ज्ञान मला आठवड्याच्या रॉकेलाच्या मोबदल्यात प्राप्त झाले. त्या रात्री मी टचटचीत डाळ आणि पाणी असे भोजन केले.

घरी पत्र धाडले. आईला लिहिता येत नसे. तिने वडिलांकरवी उत्तर लिहविले. त्यात क्षेमकुशल दोन ओळींचे होते आणि बाकी सगळा स्वयंपाक होता. डाळीला चांगली उकळी आली की पातेले झाकून गोधडीत गच्च गुंडाळून ठेव, ती आपल्याच उष्णतेने शिजते, रॉकेल वाचते. मूठभर मटकी रात्री भिजव, सकाळी ओल्या फडक्यात बांध, दुपटीहून अधिक होईल. भाकरीच्या पिठात उकळते पाणी घाल. हे शेवटचे कलम फार मोलाचे ठरले. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्याने पीठ उकडते तेव्हाच त्याला बांधणी येते. त्या वर्षी शिधावाटपाच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला सगळे 'मिलो' म्हणत आणि नाके मुरडीत. तिची भाकरी थापताना कडेने फाटे, चवीलाही बेताची. परंतु पोटाला आधार देई. माझ्या पहिल्या भाकऱ्यांचे आकार पाहून भूगोलाच्या नकाशांची आठवण होई.

भाजीसाठी मी सायंकाळी मंडईत जाऊ लागलो. 1886 साली बांधलेल्या त्या दगडी वास्तूच्या आत माझ्यासारख्याचे काही काम नसे. बाहेरच्या अंगाला जमिनीवर बसणाऱ्या बायका दिवेलागणीला उरलेला माल पडत्या भावाने देत. एकदा स्वस्त मिळते म्हणून मी मेथीच्या चार जुड्या उचलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतील तीन सडल्या. पुढच्या खेपेस पुन्हा चार उचलू लागलो, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी माझा हातच धरला.

"घरात किती माणसं?"

"मी एकटाच, मावशी."

"मग एवढा पाला कुणासाठी? स्वस्त म्हणून घेशील आन् उकिरड्यावर टाकशील. ते महागच पडलं की!"

त्यांनी एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि गिऱ्हाइकांनी मोडून टाकलेला मुळ्याचा पाला वर ठेवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. बारीक चिरून, कांद्यावर परतून, वर थोडे बेसन पेरले की त्याची उत्तम भाजी होते. त्या हिवाळ्यात मी किती मुळ्याचा पाला खाल्ला याची गणती नाही. आजही घरात कोणी तो टाकून दिला तर मी गुपचूप उचलून ठेवतो आणि त्यावरून बोलणी खातो.

खर्चाचा पै-पैचा हिशेब एका वहीत लिहिण्याची वडिलांची आज्ञा होती. जानेवारी 1973 मध्ये गावातील एका आजाऱ्यास घेऊन ते अचानक पुण्यास आले आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर उतरले. महिनाअखेर होती. डब्यात दोन भाकऱ्यांपुरते पीठ होते. मी पिठले केले, भाकऱ्या भाजल्या आणि दोन्ही त्यांच्या ताटात वाढल्या.

"तुझं?"

"माझं मघाशीच झालं, आबा."

त्यांनी तव्याकडे पाहिले, रिकाम्या डब्याकडे पाहिले. मग एक भाकरी माझ्यापुढे सारली आणि धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढून मध्ये ठेवली. कामावर मजुरांना मिळणारी सुकडी होती. आपल्या वाट्याची त्यांनी किती दिवस राखून ठेवली होती, ते मी विचारू शकलो नाही. त्यांच्या बोटांना खडीने चिरा पडल्या होत्या.

जेवण झाल्यावर त्यांनी वही मागितली. कंदिलाजवळ धरून ते पान न् पान वाचू लागले. पहिल्या महिन्यांत अधूनमधून 'चहा, 15 पैसे' अशी नोंद होती. नोव्हेंबरनंतर ती कोठेच नव्हती. त्यांनी दोनदा मागची पाने उलटून पाहिली आणि वही मिटून ठेवली. सकाळी पहिल्या गाडीने ते गेले.

फेब्रुवारीत मनिऑर्डर आली ती 42 रुपयांची. कुपनावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एवढेच लिहिले होते : 'दोन रुपये चहाचे. वहीत मांडू नये.'