कुटुंबाच्या छायाचित्राची वस्त्रे

सणासुदीला मनुष्य वस्त्र निवडतो ते त्या दिवसापुरते. परंतु सबंध कुटुंबाचे छायाचित्र काढवून घ्यायचे ठरते, तेव्हा अंगावर घातलेले वस्त्र पुढील पिढ्यांच्या नजरेखालून जाणार असते, आणि ज्यांचा अद्याप जन्मही झालेला नाही अशा पणतवंडांना आपली पहिली ओळख त्याच वस्त्रातून होणार असते. म्हणून त्या निवडीसाठी जी कपाटे उघडली जातात, ज्या घड्या मोडल्या जातात आणि रात्री उशिरापर्यंत ज्या मसलती चालतात, त्यांना केवळ हौस म्हणण्यास माझे मन धजत नाही. घराण्याच्या दप्तरात सनदा, खरेदीखते आणि वाटणीपत्रे जपून ठेविलेली असतात आणि त्यांत माणसांची नावेही असतात. पण ती माणसे एकमेकांशेजारी कशी उभी राहत, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर असे, हे सांगणारा दस्तऐवज छायाचित्राखेरीज दुसरा नाही.

ही वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत छायाचित्रणाचे मंडळ १८५४ साली स्थापन झाले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश चटकन जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे आकाशी लुगडे पांढुरके उमटे, लग्नातला लाल शालू आणि काळी चंद्रकळा यांत भेद उरत नसे, आणि कपाळीचे कुंकूदेखील काळे दिसे. तांबड्याची जाण असलेल्या काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, तरी छायाचित्र कृष्णधवलच राहिले. रंगांचा आधार असा नसल्यामुळे त्या पिढ्यांची भिस्त काठ, पोत आणि चुण्या यांवर होती. जरीकाठ ठसठशीत उठून दिसावा, उपरण्याची घडी सरळ असावी, आणि प्रत्येकाने आपल्या वयाला व नात्याला साजेल ते ल्यावे, एवढाच दंडक होता: वडिलांना पगडी, मुलाला टोपी, लेकीला परकर-पोलके, मांडीवरच्या लेकराला कुंची. त्या छायाचित्रांत एकाचा पोशाख दुसऱ्यासारखा नसतो, आणि तरीही ती सारी एका घरची माणसे आहेत हे पाहताक्षणी उमगते.

आता सर्वांनी एकाच रंगाचे कपडे शिवून घेण्याची प्रथा पडू लागली आहे. तिच्यामागचा एकोप्याचा ध्यास मला प्रिय आहे. परंतु आजी, सून, नात आणि जावई एकाच छटेत उभे राहिले, म्हणजे ज्या भिन्नतेतून घर घडते तीच झाकली जाते. एकोपा आणि एकसारखेपणा यांतले अंतर मला एका घरगुती प्रसंगात स्पष्ट दिसले.

माझ्या थोरल्या मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वांचे छायाचित्र मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर काढायचे ठरले होते. सुनांनी सर्वांसाठी गुलाबी रंग योजिला होता आणि मामींसाठी नवे रेशमी लुगडेही आणले होते. मामींनी ते हातात घेऊन कौतुकाने निरखले आणि त्या म्हणाल्या, “सुरेख आहे ग, पण नवं रेशीम मला आता सावरत नाही. मी माझं इरकलीच नेसेन.” थोरली सून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग आई, तुमचं लुगडंच आधी बाहेर काढू या. आम्ही त्याच्यावरून ठरवतो.”

ते लुगडे धूपछावाचे होते. उभा धागा हिरवा, आडवा जांभळा, आणि पदर तांबडा. उजेडात धरून किंचित हलविले की कधी हिरवा वर येई, कधी जांभळा, आणि दोहोंपैकी एकही रंग दुसऱ्याला पुसून टाकीत नसे. मग थोरल्या सुनेने जांभळ्यातली फिकी छटा घेतली, धाकटीने हिरवा घेतला, आणि नातीला पदराच्या तांबड्याशी नाते सांगणारे खणाचे परकर-पोलके मिळाले. घाटाचा पाषाण काळा असल्याने गडद वस्त्रे त्यात बुडून जातील, म्हणून छटा उजळ ठेविल्या. बारीक चौकडीचे सदरे बाजूला पडले, कारण कॅमेऱ्यात अशा चौकडीवर नसलेले तरंग उमटतात. आणि पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम शुभ्राकडे ओढली जाते, म्हणून मुलांनी व जावयांनी सायीच्या रंगाचे सदरे घातले, जेणेकरून साऱ्या चित्रात निर्मळ पांढरे असे एक मामांचे धोतरच राहावे. सर्वांत लहान नातवाला त्याचा निळा सदराच हवा होता. त्यालाही कोणी अडविले नाही, फक्त त्याला हिरव्या पातळाच्या आईशेजारी उभे केले, आणि तो निळा त्या हिरव्याच्या सोबतीने शांत झाला.

छायाचित्रकाराची कला जशी उजेड ओळखण्यात आहे, तशी वस्त्रे निवडणाऱ्याची कला माणसे ओळखण्यात आहे. कोणाला गळाबंद कपड्यात कोंडल्यासारखे होते, कोणाला भडक रंगाचा संकोच वाटतो, कोणाच्या थकलेल्या हातांना निऱ्या आवरत नाहीत, हे ज्याला ठाऊक असते त्याचीच निवड मुद्रांवर समाधान आणते. आणि अखेर छायाचित्रात पाहायच्या असतात त्या मुद्राच.

म्हणून ज्याच्यावर ही जबाबदारी येईल त्याने दुकानाची वाट धरण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारावे, की तुम्हाला काय नेसायला सोयीचे आहे, आणि त्या उत्तरापासून बाकीच्यांचे रंग लावीत जावे. ज्याला बदलणे जड जाते त्याने आपल्या जागी स्वस्थ असावे आणि ज्याला ते सोपे आहे त्याने त्याच्याकडे चालत जावे, हा एका छपराखाली राहण्याचा जुना कायदा आहे. आणि ज्या घरात तो पाळला जातो, त्या घरच्या माणसांचे रंग जुळविण्यासाठी एकाच ठाणातले कापड फाडावे लागत नाही.