पायाखालचं बटन

गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही आणि वखरामागं चालायचं नाही. मग शेतकऱ्यानं दिवसभर करायचं काय, ते काही त्यानं सांगितलं नाही. पुण्याच्या पोरानं हे ऐकलं आणि दिवाळीला येताना गाडीच्या डिकीत एक मोठं खोकं घालून आणलं. आत स्क्रोल सॉ. लाकूड नक्षीदार कापायची मशीन.

दिसायला ती शिलाई मशीनच्या चुलतबहिणीसारखी. सुईच्या जागी ५ इंची बारीक आरी, वरच्या आणि खालच्या दांड्यांत ताणून बसवलेली. मिनिटाला ४०० पासून १६०० वेळा वरखाली होते. आरी जागच्या जागी राहते, लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. शाळेत हस्तकलेच्या तासाला मी हातानं चालवायच्या अशाच बारीक आरीनं चहाच्या खोक्याच्या प्लायवूडचे मोर कापले होते. ती गोष्ट मी पोराला कधीतरी सांगितली असेल. मी विसरलो, तो विसरला नव्हता.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडाचे नंदी सजवून दारोदारी नेतात, बोजारा मागतात. म्हटलं, नातवंडांसाठी नंदी करू. वाढयाकडून सागाचे तुकडे आणले, नंदीचं चित्र चिकटवलं आणि सपरीत जुन्या टेबलावर मशीन मांडली.

आधी उभ्यानं काम केलं. अर्ध्या तासात मान आखडली, कारण रेघ दिसायला वाकावं लागे. मग प्लास्टिकची खुर्ची घेतली. ती इतकी बुटकी, की हात खांद्यापर्यंत वर गेले आणि दंड भरून आले. खुर्चीवर गोधडी, गोधडीवर पाट, असं रचत गेलो तर एकदा पाटासकट खाली आलो. घरचे हसले. मीही हसलो, पण कमरेत चमक भरली ती पंधरा दिवस.

बसणं म्हणजे काय साधी गोष्ट, असं वाटते माणसाला. पण आमच्या गावचा जुना वाढई आयुष्यभर जमिनीवर बसला, लाकूड पायाच्या अंगठ्यात धरून वाकसानं तासत राहिला, आणि त्याची कंबर ताठ होती. त्याचं अंग आणि त्याचं काम एकमेकांना सरावलेलं. मी साठी उलटल्यावर नव्या यंत्रापुढं बसत होतो. मला जागा शोधूनच काढावी लागली.

कोठ्यामागं जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट पडून होती, ताटासारखी, भोकं असलेली. ती वेल्डिंगवाल्याकडं नेली. त्यानं खाली जाड आट्याचा बोल्ट लावून तीन पायांच्या घोडीवर बसवून दिली. तीनच पाय मीच सांगितले. सपरीची जमीन कुठं सारखी आहे? चार पायांचं डुगडुगते, तीन पायांचं डुगडुगत नाही. फिरवली की सीट वर, उलटी फिरवली की खाली. उंची अशी धरली, की कोपर वाकवलं तर मनगटं मशीनच्या पाट्यावर सहज टेकावीत. मशीनच्या मागच्या पायांखाली बाभळीच्या अडीच इंची पाचरी मारल्या. मशीन थोडी माझ्याकडं झुकली आणि मान न वाकवता रेघ दिसू लागली. खाली टायरचे तुकडे घातले, टेबलाची थरथर गेली.

राहिलं बटन. ते मशीनच्या डोक्यावर, समोरच्या अंगाला. तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? नंदी चारही पायांनी पाटीवर उभा असतो आणि पाटी त्याच लाकडात कापायची असते. म्हणजे पोटाखालची जागा चारही बाजूंनी बंद. तिथं आधी गिरमिटानं भोक पाडायचं, आरीचं वरचं टोक सोडायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, मग कापायचं. एका नंदीला तीन भोकं, म्हणजे तीनदा बंद-चालू. शिवाय लाकूड आरीत अडकून उडायला लागलं, की दोन्ही हातांनी दाबून धरावं लागते. त्या वेळी बटनाला हात कोणता लावायचा?

एका दुपारी मी पोटाचं भोक कापत होतो आणि लाईन गेली. आमच्याकडं लाईन जाणं ही बातमी नाही. म्हटलं, तेवढ्यात दुसऱ्या भोकात आरी ओवून घेऊ. वरचं टोक सोडलं. बटन चालूच राहिलं, ते डोक्यात आलं नाही. आरी भोकात घालतो न घालतो तोच लाईन आली. आरीचं सुटं टोक सापासारखं फडफडलं, बोटाला चाटून गेलं, तुकडा उडाला. रक्त थेंबभर. तेवढंच. पण मी उठून आंगणात गेलो आणि बराच वेळ आत आलोच नाही.

कारण हे मी आधी पाहिलं होतं.

भारनियमनाचे दिवस होते ते. कोठ्यात कडबा कुट्टीची मशीन नवी घेतली होती, दोन हॉर्सपॉवरची मोटर. बोर्ड मी स्वतः भिंतीवर लावला, मशीनपासून आठ हात लांब आणि उंच. का, तर लेकरांचा हात पुरू नये. मला वाटलं, मोठी अक्कल केली. लहाना भाऊ कडबा घालत होता. पेंडी रुळांत अडकली आणि त्याच वेळी लाईन गेली. चक्र थांबलं. अडकलेली पेंडी ओढायला त्यानं हात आत घातला. बोर्ड आठ हात लांब, लाईन तर गेलेलीच, कोण जाऊन बंद करते? आणि लाईन आली.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मळणीयंत्रांसारख्या यंत्रांसाठी सरकारनं १९८३ सालीच धोकादायक यंत्रांचा कायदा केलेला आहे. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. पण आमच्या कोठ्यातला बोर्ड कायद्यानं नव्हता लावला, मी लावला होता. भाऊ कधी एका शब्दानं बोलला नाही. वहिनी एकदा बोलली, फक्त एकदा, की बटन जवळ असतं तर. मी खाली मान घालून ऐकलं. दुसरं काय करणार?

बोटाला पट्टी बांधून मी तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनकडं गेलो. म्हटलं, शिलाई मशीनचं पायाचं पेडल लावून दे. तो म्हणाला, "काका, ते एवढ्याशा मोटरचं असते, जळून जाईल. याले पायाचं बटन वेगळं भेटते." नागपूरहून त्यानं एक आणून दिलं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. दोन दिवस वापरलं आणि ध्यानात आलं, की हे तर तेच झालं. बटन पायाशी आलं एवढंच. लाईन गेली-आली की मशीन आपली आपण सुरू होणार, मी तिथं असो की नसो. ते परत पाठवलं. म्हटलं, मला असं पाहिजे की पाय आहे तोवर चालू, पाय उचलला की बंद. तसलंही मिळते, कारखान्यातल्या मशीनींना असते ते. वरून लोखंडी टोपी, म्हणजे चुकून काही पडून दाबलं जाऊ नये. मशीनची वायर त्यातून घेतली. वेग आधी मशीनवर लावून ठेवायचा, बाकी सगळं पायावर. तरी आरी बदलायची असली तर मी पिनच काढून ठेवतो. ती सवय त्या दुपारपासूनची.

आणि इथं बसण्याचं आणि बटनाचं एक नातं निघालं, जे कोणी सांगितलं नव्हतं. सीट दोन आटे उंच झाली की पाय लोंबकळतो. मग साऱ्या पायाचं वजन बटनावर पडते आणि पाय उचलायचं म्हटलं तरी लवकर उचलत नाही. असलं बटन असून नसल्यासारखंच. टाच जमिनीवर टेकलेली पाहिजे आणि नुसत्या चवड्यानं दाबता आलं पाहिजे. म्हणून सीट पुन्हा खाली घेतली, तर मशीन उंच वाटू लागली. मग टेबलाचेच पाय दीड इंच कापले. बायको म्हणाली, "एक नंदी कराले आख्खं घर कापता का?"

पोळ्याच्या आधी सात नंदी झाले. त्या दिवसांत भाऊ रोज सपरीत येऊन बसायचा. मशीनकडं पाहायचा, बोलायचा नाही. एक दिवस विचारलं, "दादा, पाय काढला का बंद होते?"

"होते."

"लाईन गेली, मग आली तं?"

"तुझा पाय नसल तर नाही होत सुरू."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मले बसू दे एक डाव."

मी उठलो. तो सीटवर बसला, डाव्या हातानं लाकूड धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा न् तळवा वरून टेकवला. कापायला काही घेतलं नाही त्यानं आधी. नुसतं दाबायचा, सोडायचा. मशीन सुरू, मशीन बंद. कुट्टीचं चक्र बटन बंद केल्यावरही फिरत राहायचं, ही तिथल्या तिथं थांबते. दहा-बारा वेळा केलं असेल. मग रेघेवर आरी लावली आणि नंदीच्या पाठीवरून हळूहळू वशिंडापर्यंत गेला. रेघ सुटली जराशी, वशिंड चपटं झालं.

"उंच होते मले हे," तो म्हणाला. तो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका आहे. मी खाली वाकता येत नाही म्हणून नातवाला हाक मारली आणि सीट दोन आटे खाली घ्यायला लावली.