ऐकू येईल इतकं जवळ

चष्मा लावला की दिसतं, तसं कानाला मशीन लावलं की ऐकू येतं, असं गावात सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. मशीन आवाज मोठा करून कानात सोडतं, तेवढंच त्याचं काम. तो आवाज कुकरच्या शिट्टीचा की टिटवीचा, हे माझ्या पोरीला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं दिवसभर चालतं. "ऐक, काय वाजलं?" म्हणत मी कानाकडे बोट नेते, तीही नेते. मग दोघी आवाजाचा माग काढत निघतो. गोंदिया जिल्ह्यात माग काढायला आवाजांची कमी नाही. राइस मिलची घरघर, मुंबई-हावडा मार्गावरच्या मालगाड्या, रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल करणारा ट्रॅक्टर. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरलेत. धानातून त्यांच्या जोडीची साद आली की ती पोरीला पोचते. चैतात पहाटे मोहफुलं टपटपतात, ती मात्र अजून नाही पोचत. पुढे पोचतील का, ते मला माहीत नाही.

सकाळचं पहिलं काम मशीनचं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलेली दोन्ही मशिनं बाहेर काढायची. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना सोसत नाही. कानात बसणारा मोल्ड पुसायचा, नळीत पाण्याचा थेंब अडकलाय का ते उजेडाकडे धरून बघायचं. नव्या बॅटरीचं स्टिकर काढलं की ती लगेच बसवायची नाही, मिनिटभर उघडी ठेवायची, कारण हवेतला ऑक्सिजन घेतल्यावरच ती चालू होते. जुनी आठवणीनं उचलून ठेवायची. शर्टाच्या बटणाएवढी ती वस्तू लेकरानं गिळली तर जिवावर बेततं. मग मशीन मुठीत धरायचं. कुंईऽऽ अशी शिट्टी आली म्हणजे मशीन चालू; माझा जीव भांड्यात पडतो.

त्यानंतर सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. कर्णबधिर मुलांना बोलतं करण्यात आयुष्य घालवलेल्या डॅनियल लिंग यांनी हे निवडले, कारण बोलण्यातले जाडेभरडे आणि बारीक सूर या सहांत येऊन जातात. मी तोंडापुढे वही धरते, कारण ओठ वाचण्यात माझी लेक फार तरबेज आहे. आवाज आला की तिनं लाखोळीचा दाणा वाटीत टाकायचा. 'आ'ला दाणा झटकन पडतो, 'म'लाही. 'स'ला तिचा हात हवेत थांबतो. ती माझ्या डोळ्यांत उत्तर शोधते. मी पापणी हलवत नाही. कधी दाणा पडतो, कधी ती तो मुठीतच ठेवते. पडला की माझा सगळा दिवस चांगला जातो.

मशीनमधून सगळ्यात नीट ऐकू येतं ते तीन-चार फुटांच्या आत, समोरासमोर, आवाज न चढवता बोललेलं. आमचं घर तर अंगणातून परसात हाका मारणारं. माझ्या सासऱ्यांची हाक या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत जायची. आता नातीशी बोलायचं असलं की ते खाली बसतात. गुडघे दुखतात, तरी बसतात. शिवाय भाषाही एक नाही: घरात पोवारी, गल्लीत झाडीबोली, बाजारात हिंदी, अंगणवाडीत पुस्तकी मराठी. एवढ्यात पोर गोंधळेल, एकच भाषा ठेवा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. मला तो पटला नाही. आजीच्या तोंडची पोवारी काढून घेतली तर आजीच गप्प होईल, आणि गप्प आजी या पोरीला परवडणारी नाही.

लवकर कळणं यात सगळ्यात मोलाचं. महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं जगभर धरतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, ती कानही बघतात. पण "याचा बापही उशिराच बोलला होता" म्हणत घरं वाट बघत राहतात. शिवाय देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या आईला लेकराच्या कानाच्या बेरा तपासणीला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. कान वाढतो, मोल्ड सैल होतो, शिट्टी वाजायला लागते, की पुन्हा माप द्यायला निघा. सरकारी योजनेतून मशीन फुकट मिळालं म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांनी या चकरांचा खर्चही मांडावा.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा ढोल, भोंगे, पाळणे सगळं एकदम अंगावर येतं. तिथे तिनं दोन्ही मशिनं काढून माझ्या हातात दिली आणि नाचणाऱ्यांचे पाय बघत बसली. "आज कानात नाही घातलं वं पोरीच्या?" शेजारणीनं विचारलं. तिला नको होतं, आणि ते तिचं तिनं ठरवलं होतं. मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये ती शाळेत जाईल. बाईंना मी आधीच भेटणार आहे. तिला पुढे बसवा, पंख्याखाली नको. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि तिनं "काय?" विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, सबंध म्हणा. "जाऊ दे, काही नाही" असं तेवढं तिला म्हणू नका.