भार चावीवर नको

सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटं किंचाळते आणि मग गप्प होते, ही तक्रार नवी मुंबईत दर पावसाळ्यात ऐकू येते. त्यावरचा सर्वमान्य इलाज म्हणजे फॅन बेल्ट बदलणे. नाक्यावरचा कुठलाही मेकॅनिक तो अर्ध्या तासात बसवून देतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण नवा बेल्ट महिन्याभरात झिजला, बॉनेटखाली काळी भुकटी उडायला लागली, बॅटरीचा लाल दिवा मधूनच लुकलुकायला लागला, तर दोष बेल्टचा नाही. अशा गाडीत मी बेल्टकडे बघतच नाही. इंजिन आयडलवर ठेवून खाली क्रँकशाफ्टच्या पुलीची कड बघतो. ती डुलताना दिसली की पुढचं संभाषण मला पाठ आहे. पुली बदलून टाका, नाहीतर वेल्डिंग मारून टाका!

तुर्भ्याला टीटीसी पट्ट्यात माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवडाभर शाफ्ट, बुश, कपलिंग. जुन्या गाड्या हा रविवारचा उद्योग. कारखान्यातल्या पंपाच्या कपलिंगला जे होतं तेच मारुती आठशेच्या क्रँकला होतं. फरक इतकाच, की कारखान्यात पंपावर नजर ठेवायला मेंटेनन्सचा माणूस असतो आणि गाडीच्या पुलीकडे वर्षानुवर्षं कोणी ढुंकूनही बघत नाही.

पूर्वी तसं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून बाहेर पडलेली फियाट अकराशे, जी 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली, किंवा हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसेडर, या गाड्यांना बॅटरी बसली की हँडल मारून चालू करायची सोय होती. ते हँडल थेट क्रँकच्या टोकाला, पुलीच्या मधोमध अडकायचं. पुली सैल असेल तर हँडल मारणाऱ्याच्या मनगटाला ते आधी कळायचं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. हँडल तर त्याआधीच गेलं होतं, आणि त्याबरोबर पुलीशी रोजची ओळखही गेली.

आता आठशेबद्दल, कारण घरी दुरुस्त करता येईल अशी जुनी गाडी म्हटलं की आपल्याकडे तीच. डिसेंबर 1983 मध्ये आली, जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 796 सीसी, तीन सिलिंडर. बाहेरून दिसणारी पुली छोट्या बोल्टांनी आतल्या दातेरी टायमिंग पुलीला धरलेली असते, आणि ती टायमिंग पुली मधल्या एकाच मोठ्या बोल्टने क्रँकच्या टोकावर दाबून बसवलेली असते. क्रँकवर आणि पुलीत समोरासमोर खाच असते, आणि त्या खाचेत पोलादाचा एक लहान तुकडा. तीच चावी.

इथे सगळ्यांची गफलत होते. पुलीला फिरवते ती चावी, असं मालकाला वाटतं, मेकॅनिकला वाटतं, आणि डिप्लोमा करून माझ्याकडे आलेल्या पोरांनाही वाटतं. प्रत्यक्षात या जोडणीत चावीचं काम मुख्यतः पुली योग्य कोनात बसवण्याचं. ताकद जाते ती बोल्टच्या दाबातून, दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट आवळले गेल्यामुळे. हिशेब करून बघा. 12 मिलिमीटरचा बोल्ट 100 न्यूटन-मीटरने आवळला तर साधारण चार टनांचा दाब पडतो. त्या दाबाखालचं घर्षण अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर या सगळ्यांचं ओझं सहज पेलतं. चावीला हात लावायची वेळच येत नाही.

बोल्ट सैल झाला की चित्र पालटतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 75. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पुढे उसळतो आणि पुढच्या दाबाच्या फटक्याला किंचित मागे रेंगाळतो. घट्ट पुली त्याच्याबरोबर जाते. सैल पुली मागे राहते आणि चावीवर आपटते, मग उलट बाजूने आपटते. जात्याचा खुंटा एकदा हलायला लागला की तो भोक मोठं करतच जातो, तसंच हे. काही हजार किलोमीटरमध्ये चावीच्या बाजू दबतात, पुलीतली खाच रुंदावते, आणि मग क्रँकवरची. शेवटची गोष्ट महागाची, कारण पुली कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात मिळते. क्रँक बदलायचा तर इंजिन उतरवावं लागतं.

नेरूळला आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या आठशेचं असंच झालं होतं. गाडी चढाला दमत होती, सकाळी उशिरा सुरू होत होती, शिवाय खालून टक-टक. एका गॅरेजने टॅपेट सेट केले, दुसऱ्याने कार्बोरेटर खोलला, तिसऱ्याने मेन बेअरिंग गेल्याचं सांगून इंजिनकामाचा अंदाज हातात दिला. सरांनी तो कागद घडी घालून मला दाखवला. कार्बोरेटर, टॅपेट, बेअरिंग यांवर मतं देण्याआधी एक साधी परीक्षा करता येते. बेल्ट काढून इंजिन अर्धं मिनिट चालवायचं. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असल्याने त्याहून जास्त नाही. आवाज बदलला किंवा गेला तर दोष बेअरिंगचा नसून बाहेरच्या अंगाचा असण्याची शक्यता मोठी. सरांच्या गाडीचा आवाज निम्मा झाला.

दमणं आणि उशिरा सुरू होणं हेही त्याच दुखण्याचं. क्रँकच्या टोकाचा व्यास 26 मिलिमीटर धरला तर खाचेतला अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा म्हणजे क्रँकचे दोन अंश. त्याच टायमिंग पुलीवरून कॅमशाफ्ट फिरतो, कॅमशाफ्टवरून डिस्ट्रिब्युटर. दोन अंशांनी गाडी बंद पडत नाही, पण व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोघंही उशिरा येतात, तेही प्रत्येक फेरीत वेगवेगळ्या प्रमाणात. टायमिंग लाइट मारला की खूण एका जागी न थांबता थरथरते. कार्बोरेटर कितीही साफ केला तरी ही थरथर जात नाही.

घरी काम करायचं तर जागा हवी, आणि सिडकोच्या इमारतींत ती म्हणजे खालचं पार्किंग. आवारात गाडी धुऊ नये, दुरुस्त करू नये अशी पाटी असतेच. सेक्रेटरींना आधी सांगून, खाली पुठ्ठे अंथरून, दुपारच्या झोपेची वेळ टाळून केलं तर कोणी अडवत नाही. गाडी जॅकवर सोडून खाली शिरू नका. जॅक उचलण्यापुरता, मग घोड्या लावायच्या, आणि पेव्हर ब्लॉक हलतात म्हणून घोडीखाली जाड फळी. विटा कधीच नकोत. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतला फ्लॅप काढला की पुली समोर येते.

मधला बोल्ट सोडवणं हे अर्ध्याहून जास्त काम. गाडी वरच्या गिअरमध्ये, आत एक माणूस ब्रेक दाबून, आणि लांब दांड्याला गोटी पाना. त्याने सुटला नाही तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवायचा. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती बरेच मेकॅनिक करतात. मला ती आवडत नाही. पाना निसटला तर कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसतं. आणि जुन्या होंडा सिटीची इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर उलटी फिरतात, तिथे ही युक्ती बोल्ट सोडवत नाही, आणखी आवळते. पुलीच्या कडेला पाइप पाना लावून धरणं तर निव्वळ पुलीचा खून. तिथे पडलेला प्रत्येक दात पुढे बेल्ट कापतो.

सरांच्या पुलीमागून तांबूस भुकटी पडली, थोड्या ऑइलमध्ये कालवलेली. ही भुकटी बघितली की मला पुढचं मोजायची गरज नसते, तरी मोजतोच. दोन पृष्ठभाग सूक्ष्म हालचालीने एकमेकांवर घासत राहिले की लोखंडाचे कण सुटतात, लगेच गंजतात, आणि तोच गंज पॉलिश पावडरसारखा पुढचं लोखंड खातो. खाडीकाठच्या हवेचा इथे दोष नाही. घट्ट जोडणीत हवेला वावच नसतो. छोट्या बोल्टांची भोकंही लांबट झाली होती. चावीची एक बाजू पायरीसारखी दबलेली. क्रँकवरच्या खाचेची एक कड वरच्या बाजूला मोकळी, तळाशी मात्र मूळ रुंदी शाबूत. हे पाहून जीव भांड्यात पडला.

कारण निर्णय इथेच होतो. खाचेचा तळ आणि एक बाजू शाबूत असेल तर घरी काम होतं. दोन्ही बाजू गेल्या असतील, किंवा टोकाचा व्यासच झिजून पुली त्यावर सैल बसत असेल, तर कानस खाली ठेवायची. सरांच्या गाडीला नवी टायमिंग पुली घेतली. चावी मी शॉपमध्ये पायरीची करून आणली, खाली क्रँकच्या खाचेत मूळ मापाची, वर रुंदावलेली जागा भरणारी. अशी चावी ग्राइंडरवर हाताने घासून बनवू नये. कुठल्याही मशीन शॉपमध्ये मिलिंगवर ती तासाभरात होते. मग क्रँकच्या खांद्याचा आणि पुलीचा सपाट भाग घासलेटने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने कणमात्र उंचवटे उतरवले. पेपर सपाट ठोकळ्यावर धरायचा, बोटाने नाही. बोटाने घासलं की कडा उतरतात आणि दाब मधल्या थोड्याशा जागेवर येतो.

राहिलेली पोकळी भरायला बाजारात रिटेनिंग कंपाउंड मिळतं. लॉक्टाइट 660 अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतं, 150 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तेव्हाच घट्ट होतं. 1990 च्या सुमारास मझदाच्या एमएक्स-5 मियाटा गाड्यांत क्रँकचं आखूड टोक असंच झिजायचं. कंपनीने पुढे टोक लांब केलं, आणि ज्यांच्याकडे आधीच्या गाड्या होत्या त्यांनी याच कंपाउंडने इंजिन न उतरवता टोकं वाचवली. पण ते तेलकट जागेवर धरत नाही, आणि पूर्ण घट्ट व्हायला रात्रभर सोडावं लागतं. त्यातही ते चावीभोवती लावायचं, दाबाच्या सपाट पृष्ठभागावर नाही. शिवाय ऑइल सीलवर ओघळ जाऊ द्यायचा नाही. एवढं खोललंच आहे तर सील आणि टायमिंग बेल्ट नवेच घाला. पुन्हा त्याच खोलात जाण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

वेल्डिंगबद्दल सर शेवटपर्यंत विचारत राहिले. ‘एकदा मारून टाकू, कटकट जाईल.’ कटकट जात नाही, बदलते. वेल्ड मारलेली पुली निघत नाही, म्हणजे टायमिंग बेल्ट आणि सील यांचा विषयच संपला. उष्णतेने क्रँकचं टोक किंचित वाकतं, सील जळतं, आणि अर्थिंग चुकीच्या जागी घेतलं तर करंट मेन बेअरिंगमधून जाऊन त्यांवर डाग पाडतो. म्हणजे तिसऱ्या गॅरेजचा अंदाज खरा करून दाखवल्यासारखं. मशीन शॉपमध्ये क्रँक काढून टोक भरणं, ग्राइंड करणं ही वेगळी गोष्ट. तिथे मी वेल्डिंगला नाव ठेवत नाही.

बाहेरच्या पुलीची लांबट भोकं मी बुश बसवून पुन्हा गोल केली. तिची व्ही-खाच मात्र ठीक होती. ही तपासणी बेल्ट घेताना प्रत्येकाने करावी. व्ही-बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाने नाही. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट तळावर टेकतोय, कारण बाजू झिजल्या आहेत. अशी पुली कितीही सरळ फिरली तरी किंचाळणारच.

बोल्ट मी नवाच घेतला. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळला. आट्यांना ऑइल लावायचं की कोरडे ठेवायचे हेही मॅन्युअलनेच ठरवायचं, कारण त्याच टॉर्कला तेलकट आटे बोल्ट कितीतरी जास्त ताणतात. ‘मला अंदाज आहे हाताचा,’ हे वाक्य मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडून ऐकलंय. त्यांच्या हाताचा अंदाज खरा असतो, पण तो मेकॅनिक ताजा असताना. संध्याकाळी सातला, चौथ्या गाडीवर, तोच हात वेगळं माप देतो.

खर्च झाला तो इंजिनकामाच्या त्या अंदाजाशेजारी सांगण्यासारखाही नव्हता. तरी सरांचं म्हणणं, एवढ्या जुन्या गाडीवर इतका खटाटोप कशाला. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली, हेही त्यांनीच मला सांगितलं. मग फी भरलीत का, म्हणून विचारलं तर हसले. भरली होती, दुरुस्तीच्या आधीच.

गाडी देताना बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर आणि तिथून पुलीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली. दर ऑइल बदलाच्या वेळी चाक काढायला लावून ती बघायची. रेघ तुटलेली दिसली तर गाडी चालवत आणायची नाही, फोन करायचा.