पुठ्ठ्यावरचा समुद्र

डायनोसॉरपासून जीव वाचवायचे खेळ तुम्ही मोबाइलवर खेळला असाल, नाहीतर दादाच्या खांद्यावरून डोकावून तरी पाहिले असतील. आमच्या चौथीच्या वर्गाने असाच एक खेळ जुन्या पुठ्ठ्यांवर मांडलाय. पण पाण्याखालचा! तुम्हीही करून बघा. त्यासाठी काही मंडळी सुचवते.

आधी समुद्र ठरवा. आम्ही कच्छचा घेतला. आज तिथे कोरडं रान आहे, पण १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तिथल्या लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला. ही बातमी २०१७ सालची. लांबी साधारण साडेपाच मीटर. दिसायला डॉल्फिनसारखा, पण हा सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी. पिल्लं पाण्यातच जन्मायची, श्वासाला मात्र वर यावं लागायचं. म्हणून आमचा नियम असा की, इक्थिओसॉर झालेल्याने दर पाचव्या डावाला वर यायचं. विसरला की बाद, आणि खाऊची सगळी कार्डं जप्त.

मग अमोनाइट. गोल वळणाचा शंख, आत खोल्याच खोल्या. प्राणी शेवटच्या खोलीत राहायचा. बाकीच्यांत हवा, त्यामुळे तरंगायला सोपं. घरी शाळिग्राम असेल तर नीट पाहा. गंडकी नदीतल्या कित्येक शाळिग्रामांत अमोनाइटचाच ठसा असतो. (आजीला विचारल्याशिवाय हात लावू नका हं!)

झाडांचं काय? शेवाळं हवी तेवढी लावा. समुद्री गवत मात्र नको, ते पुष्कळ नंतर आलं. आणि सी-लिलीला फसू नका. देठ आहे, वर फुलासारखे हात आहेत, पण तो प्राणी! पाण्यातून वाहत येणारे अन्नाचे कण त्या हातांनी पकडतो.

आता भांडणाची गोष्ट. वर्गातल्या एकाला डंक्लिओस्टिअस हवाच होता. डोक्यावर हाडांचं चिलखत असलेला मासा. तोंडात दात नाहीत, जबड्याच्या हाडाचीच धारदार पाती. जुन्या पुस्तकांत याची लांबी आठ-नऊ मीटर दिसेल, पण २०२३च्या एका अभ्यासाने ती चार मीटरच्या आसपास आणली. "बाई, माझा मासा निम्माच झाला!" स्वारी रुसली. मग आम्ही फरशीवर खडूने चार मीटरची रेघ मारली. तो तिच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, वळून पाहिलं, म्हणाला, "चालेल."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "पण तो ३६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे!" खरंच की. इक्थिओसॉर आपल्यापासून जितका लांब, त्याहून हा मासा इक्थिओसॉरपासून लांब. आर्क नावाच्या प्रसिद्ध खेळात दोघे एकाच समुद्रात पोहतात, आणि माझं विचाराल तर मजेसाठी तेही चालतं, फक्त आपण काय करतोय ते माहीत हवं. वर्गाला ते पटेना. शेवटी एका मुलीने तोड काढली: दुसऱ्या काळातला प्राणी आणायचा तर एका कोटी वर्षाला एक खाऊचं कार्ड भरायचं. म्हणजे एकवीस! आमच्याकडे सगळी मिळून आहेत चाळीस.

आमचा हा वीर आता इक्थिओसॉर होऊन कार्डं जमवतोय. परवा एकोणीस झाली होती. आणि नेमका श्वास घ्यायला वर यायचं विसरला.