दीडशे ओहमची फुसफुस

माईक प्रीअँपच्या माहितीपत्रकात इनपुटचा नॉइज उणे 133 डीबीयू असा छापलेला दिसला, की मी आधी विचारतो, इनपुटला काय लावून मोजलंत? बहुतेक वेळा ‘शॉर्ट करून’ असं उत्तर येतं. शॉर्ट केलेल्या इनपुटवर कुणी गाणं रेकॉर्ड करत नाही.

तिथे माईकऐवजी 150 ओहमचा रेझिस्टर लावा. त्यातून करंट जात नसला तरी त्याच्या दोन टोकांत बारीकसं व्होल्टेज सतत हलत असतं, कारण उष्णता आतल्या इलेक्ट्रॉनांना स्वस्थ बसू देत नाही. बेल लॅब्जमध्ये जॉन्सन यांनी ते मोजलं, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख 1928 साली आले. रेझिस्टर चार आण्याचा की चारशेचा, इथे काही बिघडत नाही. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 150 ओहमचे होतात साधारण 0.22 मायक्रोव्होल्ट, म्हणजे उणे 131 डीबीयू. मीटर याच्याखाली गेला तर कुठेतरी ए-वेटिंग लागलंय, नाहीतर मोजणीतच खोट आहे. नागपुरातल्या मे महिन्यातल्या 45 अंशांतून सगळं सामान महाबळेश्वरच्या 10 अंशांत नेलंत, तरी पदरात पडणार जेमतेम अर्धा डेसिबल.

माझ्या टेबलावर एक्सएलआर प्लगच्या 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये हा रेझिस्टर सोल्डर केलेला असतो, वर धातूचं कव्हर. गेन 60 डीबी, तोही सिग्नल देऊन मोजलेला. नॉबभोवतीच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. मग पंखा बंद. पुण्याच्या उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला शंभरदा करंट तोडतो-जोडतो आणि ती करकर थेट इनपुटात शिरते. मीटरकडे बघण्याआधी हेडफोन लावायचा. निखळ नॉइज लांबच्या पावसासारखा एकसारखा येतो. त्याखाली घूंऽऽ असेल तर 50 हर्ट्झ आत आलेत, अर्थिंग बघा. मधूनच ठपठप होत असेल तर एखादा ट्रान्झिस्टर वाईट निघालाय. यातलं काहीही ऐकू येत असताना घेतलेला आकडा वहीत लिहूच नये.

मीटरही ट्रू आरएमएस हवा. साधा मीटर साइन वेव्हच्या हिशोबाने लावलेला असतो, त्यामुळे नॉइज सुमारे एक डेसिबल कमी दाखवतो. एका डेसिबलने काय होतंय? चांगला प्रीअँप सोर्सच्या नॉइजमध्ये स्वतःची भर घालतो तीच मुळी दीडेक डेसिबलची. म्हणजे दोन तृतीयांश चूक मीटरनेच लपवली!

शेवटी 150 काढून 1000 ओहम लावतो. प्रीअँप खरंच शांत असेल तर नॉइज सातेक डेसिबलने चढायला हवा. दोन-तीनच चढला तर आवाज प्रीअँपचा स्वतःचा आहे, आणि सव्वाआठच्या वर गेला तर इनपुट ट्रान्झिस्टरचा करंट नॉइज तपासायला घ्यावा.