मधला मुकादम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गुरुजींचा फोन आला. "तुझा सर्व्हर मेला बघ. उद्या नको, आजच ये."

गुरुजी मला चौथीला होते. त्यामुळे 'आजच ये' म्हटल्यावर बीडचं दुकान न उघडताच गाडीला किक मारली आणि गेवराईच्या अलीकडचं त्यांचं गाव गाठलं. बघतो तर सगळं ठणठणीत. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपचा पंखा घरघरतोय, राउटरचे दिवे लुकलुकतायत, टीव्हीवर बातम्या चालू आहेत. फक्त टीव्हीच्या मागं खोचलेल्या काळ्या काडीतलं ते एक अ‍ॅप उघडलं की इंग्रजीत दोन ओळी यायच्या : या उपकरणावर हे अ‍ॅप आता चालणार नाही. गुरुजींनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"यात कुठं माफी मागितलीय का?"

"नाही, गुरुजी."

"बरं. मग सर्व्हर चालू, टीव्ही चालू, नेट चालू. मेलं कोण?"

तीस वर्षांच्या धंद्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मुकादम पळाला, गुरुजी."

बीड जिल्ह्यात याहून जास्त सांगावं लागत नाही. ऊसतोडीची टोळी कोयते घेऊन दारात बसलीय, तिकडं कारखान्याचं गाळप सुरू झालंय आणि दोघांची गाठ घालून देणारा मधला माणूसच गायब. टोळीच्या अंगात जोर आहे, कारखान्याला ऊस हवाय, पण काम काही उभं राहत नाही. गुरुजींच्या घरात तेच झालं होतं. फिती सर्व्हरवर जागच्या जागी होत्या. त्या टीव्हीपर्यंत आणणारं अ‍ॅप तेवढं उठून गेलं होतं.

या फिती म्हणजे काय, ते सांगायला हवं. गुरुजींना हरिनाम सप्ताहाचं वेड. पंचक्रोशीतल्या सप्ताहांची कीर्तनं त्यांनी आधी व्हीएचएसवर, मग छोट्या डीव्ही कॅसेटवर, मग डीव्हीडीवर जमवली. चारशेच्या वर भरतात. त्यातले निम्मे कीर्तनकार आज हयात नाहीत. डीव्ही कॅसेटचं एका तासाचं चित्रण संगणकात उतरवलं की १३ जीबी जागा खातं, तेव्हा ते सगळं आकसून, नावं-गावं-तिथ्या टाकून लावायला मला दोन पावसाळे लागले. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, खेड्यात नेट स्वस्त झालं आणि पुढच्याच वर्षी मी हा घरचा सर्व्हर मांडून दिला. चाकणला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा तिथून बघायचा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले भावकीतले लोक कोल्हापूरकडच्या फडातून, रात्री कोपीत बसून मोबाइलवर काल्याचं कीर्तन लावायचे. आणि मांडून देताना मी काय म्हणालो होतो, ते गुरुजींच्या पक्कं लक्षात होतं : "आता पंधरा वर्षं बघायचं काम नाही."

आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती.

घरच्या सर्व्हरचा हा प्रकार मुळात हौशी लोकांचा. २००३च्या सुमाराला एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालवण्यासाठी काही पोरांनी 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' रचलं. त्यालाच २०१४पासून कोडी म्हणतात. त्याच्यातूनच प्लेक्स फुटलं. एम्बी वेगळं उगवलं आणि एम्बीने आपला कोड झाकून घेतल्यावर २०१८च्या डिसेंबरात त्याच्या जुन्या उघड्या कोडवरून जेलीफिन निघालं. भावकीचं भांडण म्हणा. प्लेक्स, एम्बी, जेलीफिन या तिघांची रचना मात्र सारखीच : एका बाजूला फिती सांभाळणारा सर्व्हर, दुसऱ्या बाजूला टीव्हीतलं किंवा काडीतलं अ‍ॅप. सर्व्हर तुमच्या घरात, तुमच्या मालकीचा. अ‍ॅप मात्र कुणा दुसऱ्याच्या दुकानातून आलेलं आणि त्या दुकानदाराच्या मर्जीवर जगणारं. घरचा सर्व्हर विकताना हा अर्धा भाग आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही. मीही सांगितला नव्हता.

जुनी उपकरणं तुटतात त्याला कारणं खरी असतात, हे आधी कबूल करतो. सगळ्यात खरं आणि सगळ्यात न दिसणारं कारण म्हणजे दाखला. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तसे इंटरनेटवरच्या ओळखीचेही दाखले मुदतीचे असतात. काडी सर्व्हरशी बोलायला गेली की सर्व्हर आपला दाखला पुढं करतो आणि त्यावरची सही ओळखीची आहे का, ते काडी तपासते. कुणाच्या सह्या मानायच्या, त्याची यादी काडीच्या पोटात कारखान्यातच भरलेली असते. तहसीलला नवे साहेब आले आणि काडीकडची यादी जुनीच राहिली, तर काडी खऱ्या दाखल्यालाही खोटा ठरवते. ३० सप्टेंबर २०२१ला 'डीएसटी रूट सीए एक्स-३' या नावाची अशीच एक जुनी सही संपली. फुकट दाखले देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचे दाखले जुनी यंत्रं तिच्याच भरवशावर मानत होती. त्या दिवशी जगभरातल्या कित्येक जुन्या टीव्हींना आणि संगणकांना कालपर्यंतची संकेतस्थळं अचानक परकी झाली. ९ मार्च २०२५ला तर गूगलच्या घरचाच दाखला संपला. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एका दिवसात मुकी झाली. गूगलने पुढं दुरुस्ती पाठवली, पण तोवर ज्यांनी वैतागून यंत्र कारखाना-स्थितीला नेलं होतं, त्यांचे हाल जास्त झाले. म्हणून सांगतो, काही बिघडलं की पहिल्यांदा 'रिसेट' दाबायची आपली जी खोड आहे, ती सोडा. त्याआधी टीव्हीची तारीख बघा. आमच्याकडं लाइट तासन्‌तास जाते आणि आल्यावर काही टीव्ही स्वतःला दहा-वीस वर्षं मागं नेऊन बसवतात. तारीख चुकली की कुठलाच दाखला पटत नाही. अशा किती टीव्हींना मी नुसती तारीख घालून बरं केलंय, आणि पैसे घेताना किती ओशाळलोय, ते मलाच माहीत.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. २०१७च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू फाइली वाटून घेण्याच्या एका जुनाट पद्धतीतल्या भोकातून जगभर शिरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोजच्या नव्या आवृत्तीत ती पद्धत आपोआप बसवणं बंद झालं आणि जुन्या मीडिया प्लेयरांना संगणकातलं फोल्डर दिसेनासं झालं. लोक चिडले. मी म्हणतो, बरं केलं. तिसरं कारण ताकदीचं. नातवाच्या फोनमधलं चित्रण आता एचईव्हीसीत येतं. ही पद्धत २०१३ची आणि २००३च्या एच-२६४पेक्षा जवळपास निम्मी जागा घेणारी. पण जुन्या काडीला ती उलगडता येत नाही. मग सर्व्हरनं चालता चालता भाषांतर करून द्यायचं, आणि गुरुजींच्या डेस्कटॉपला तेवढ्यात धाप लागते.

ही तिन्ही मला पटतात. चौथं कारण कंपन्या मोठ्यानं बोलत नाहीत : जुन्या काडीवर अ‍ॅप तपासत बसायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो आणि जुन्या काडीचा मालक नवा पैसा देत नाही. हे २०१५लाच दिसलं होतं. २० एप्रिलला यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद करायला घेतली आणि २०१२ किंवा त्याआधीच्या कित्येक स्मार्ट टीव्हींतलं यूट्यूब गेलं. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेला 'स्मार्ट' तीन वर्षांत साधा झाला. आता चाल आणखी पुढं गेलीय. अ‍ॅमेझॉनने २०२५मध्ये एका नव्या फायर स्टिकपासून अँड्रॉइड सोडून स्वतःची वेगा प्रणाली आणली. तिच्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप बाहेरून आणून टाकता येत नाहीत. गूगलने १ ऑगस्ट २०२६पासून टीव्हीच्या अ‍ॅपांना ६४-बिटची आवृत्ती द्यायचं बंधन जाहीर केलं. जुन्या ३२-बिट काड्या त्या दिवशी काही मरत नाहीत, पण वारं कुठल्या बाजूनं वाहतंय ते कळतं. आणि मुकादमही आता कमिशन मागायला लागलाय. २९ एप्रिल २०२५पासून प्लेक्सवर घरात बघणं फुकटच राहिलं, घराबाहेरून आपलाच सर्व्हर बघायला मात्र पैसे पडायला लागले. कायमच्या परवान्याचा भाव १२० डॉलरवरून २५० वर गेला.

पुन्हा गुरुजींकडं. पहिल्या दिवशी मी जुगाड केला. अ‍ॅपची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवरून काडीत घातली. कीर्तन लागलं, गुरुजी खूश, मी चहा पिऊन परत. अकराव्या दिवशी पुन्हा फोन. रात्रीतून सर्व्हरनं आपलं आपण अपडेट घेतलं होतं आणि आता तोच जुन्या अ‍ॅपला ओळख देईना. आपोआप अपडेटची ती खूण मीच चालू ठेवली होती. चूक कुणावर ढकलायला जागा नव्हती.

या वेळी नीट बसलो. आधी डेस्कटॉप काढला. तो चोवीस तास ८० वॅट ओढायचा, म्हणजे महिन्याला ५७-५८ युनिट नुसत्या कीर्तनापायी. त्याच्या जागी १० वॅटवर चालणारा, कुठल्याशा कार्यालयातून निघालेला छोटा संगणक बसवला आणि त्यावर जेलीफिन टाकलं. टीव्हीत डीएलएनए होतंच. ही घरातल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची जुनी साधी भाषा. ती ठरवणारी संघटना २००३ला जन्मली आणि २०१७ला विसर्जितही झाली, पण भाषा अजून बोलली जाते. चित्रं देखणी दिसत नाहीत, नुसती फोल्डरांची यादी येते. गुरुजी म्हणाले, "हजेरीपटासारखं आहे. मला हेच बरं."

मग खरा उपाय केला, जो कुठल्याही मुकादमाशिवाय चालतो : पेनड्राइव्ह. त्यातही खाचा आहेतच. जुने टीव्ही बहुधा फॅट-३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणून लांब कीर्तनांचे दोन तुकडे पाडले, अभंगाच्या मध्ये नाही, गजर संपल्यावर. सगळं एच-२६४मध्ये आणि आवाज एएसीमध्ये ठेवला, कारण काही टीव्ही चित्र दाखवतात आणि आवाज 'चालत नाही' म्हणून गप्प बसतात. चाकणच्या मुलाकडं एक पूर्ण हार्डडिस्क पाठवली. ती एसटीनं गेली, अ‍ॅपनं नाही.

मला राग येतो तो बंद होण्याचा नाही. बंद तर सगळंच होतं. अंबाजोगाईच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडं तोंड करून मी पत्र्यावर चढून किती अँटेना फिरवल्यात. ती जमिनीवरून येणारी प्रसारणं २०२१-२२मध्ये देशभर बहुतेक बंद झाली, आणि ठीकच झालं, बघणारं कुणी उरलं नव्हतं. केबलचं जुनं प्रसारण संपवताना सरकारनं टप्पे पाडले, तारखा दिल्या, त्या पुढं ढकलल्या आणि शेवटच्या टप्प्याला ३१ मार्च २०१७ ही तारीख ठरली. आरडाओरड झाली, पण 'सेटअप बॉक्स' घ्यायला लोकांना महिने मिळाले. आणि २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली फुकटची छत्री बघा. तिचे एमपेग-२चे जुने डबे दोन दशकांनंतरही चालत राहिले, कारण गरिबाच्या घरातला डबा एका रात्रीत निकामी करायचा नाही, एवढं कुणीतरी ठरवलं होतं. काडीच्या बाबतीत असं ठरवणारं कुणी नाही.

कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर ते कधीपर्यंत पेरायचं, ती वैधता छापलेली असते. नऊशे रुपयांच्या आसपासच्या पिशवीवर जी तारीख असते, ती चार-पाच हजारांच्या काडीवर का नसावी? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून अशा उपकरणांना सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील, ते आधी सांगणं कायद्यानं भाग आहे. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात मोबाइल आहेत, घरगुती उपकरणं आहेत, शेतीची अवजारंही आहेत. स्क्रू आणि सुट्या भागांचा हक्क कुणीतरी बोलला, हे चांगलंच. पण हल्ली माझ्या टेबलावर येणाऱ्या काड्यांमध्ये जळालेल्या मोजक्याच असतात. बाकीच्यांना बदलायला सुटा भागच नसतो; त्या नुसत्या नकार दिलेल्या असतात. खोक्यावर एक ओळ छापा : अमुक सालापर्यंत अपडेट. मग घेणारा ठरवील.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. लग्नाची, बारशाची, सप्ताहाची, आई-वडिलांच्या आवाजाची जी काही चित्रणं कुठल्या अ‍ॅपच्या पोटात असतील, ती साध्या फाइली करून दोन ठिकाणी ठेवा. दिवाळीत पोरं घरी असतात, टोळ्याही निघायच्या असतात, तेव्हा हे काम याच चार दिवसांत होतं. पाडव्याला दहा वाजता पूजा झाली की माझं दुकान उघडं आहे. कॅसेट आणा, डीव्हीडी आणा, बंद पडलेली काडीही आणा. आणि येताना रिमोट घेऊन या, नेमका तोच सगळे विसरतात.